घामाच्या खोलीत दोन विहिणी

घोटी,
रविवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

तीर्थस्वरूप चिमणाताईंना घोटीहून तुमच्या भावजयीचा, म्हणजे उज्वलाचा, वाकून नमस्कार. (वाकूनच बरं का. परवा नाशिकला मालिश झाल्यापासून कंबर अशी सुटली आहे की आणखी दोनदा वाक म्हणालात तरी वाकेन.) तुमचे गुडघे कसे आहेत? दाजींची शुगर कुठवर आली? सातपूरला पाणी वेळेवर येतं ना? आणि तुमचा पुतण्या अमोल, त्याचं कुठे जमलं का? आमच्या निकितासाठी तुम्ही त्याचं स्थळ आणलंत आणि आम्ही नाही म्हटलं, तेव्हापासून त्याची चौकशी करायची राहूनच गेली. इकडे तुमचे बंधू ठणठणीत आहेत. गिरणीत भात भरडणं चालू आहे, आणि गिरणीच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही असं सांगून ते घरातल्या प्रत्येक भांडणातून नेहमीसारखे सुटतात.

तुम्ही म्हणाल, ही बया फोन सोडून कागद घेऊन का बसली? सांगते. फोनवर बोललेलं, ताई, हल्ली फार फिरतं. इकडून निघतं तेव्हा एक असतं, तिकडे पोचतं तेव्हा भलतंच. कागदावर लिहिलं की ते तेवढंच राहतं. शिवाय माफीही मागायची आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही दोन्हीकडची मंडळी नाशिकला आलो, बाजारातून हॉटेलाकडे जाताना गाडी तुमच्या गल्लीच्या अगदी तोंडावरून गेली, आणि आम्ही चहालासुद्धा थांबलो नाही. तुम्ही गॅलरीत उभ्या होतात, हेही मी पाहिलं. कारण पुढे येईलच.

तुम्हाला ठाऊकच आहे (तुम्हाला नाही तर कुणाला असणार) की साखरपुडा झाल्यापासून निकिताच्या होणाऱ्या सासूबाई, दिंडोरीच्या मालनबाई, आणि मी, आमचं बोलणं बंद पडलं होतं. साखरपुड्याला पंगत बसायची वेळ झाली तरी बाई खुर्चीवरून हलेनात. मी तीनदा जाऊन 'चला विहीणबाई, चला' केलं तेव्हा कुठे उठल्या. बरं, वरमाई आहे, असेल मान, म्हणून तेही गिळलं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या कानावर आलं की त्या म्हणाल्या, घोटीवाल्यांनी कणीचा लगदा वाढला! ताई, माझ्या रंगावर बोला, माझ्या माहेरावर बोला, तुमच्या भावाच्या घोरण्यावर तर खुशाल बोला. पण आमच्या गिरणीच्या इंद्रायणीवर? इंद्रायणी चिकटच असते, तिला मोकळं व्हायला सांगायचं का आता? तुम्हीच तेव्हा माझी समजूत घातली होतीत, की उज्वला, रीत ती रीत, वरमाईआधी आपण कधी उठायचं नाही; पण एकदा 'चला चला' करायची सवय लावलीस तर जन्मभर तिच्यामागे 'चला' म्हणत फिरशील. पटलं मला. म्हटलं, आता जीभ झडली तरी 'चला' म्हणायचं नाही.

पण झालं काय, लग्न तीन आठवड्यांवर आलं आणि दिंडोरीहून पत्रिकेत घालायची नावंच येईनात. फोन केला की व्याही म्हणत, ही सांगेल. ही काही सांगेना. शेवटी निकिता माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, आई, बस्त्याच्या दोन दिवसांत तुम्ही दोघी बोलला नाहीत तर मी आणि सुयश कोर्टात जाऊन सह्या करतो. मांडव नको, हळद नको आणि तुमचे मानही नकोत. ताई, एकुलती एक लेक माझी. तिच्या नावाची भांडी गेली दहा वर्षं माळ्यावर जमवतेय मी. तिच्यापुढे तोंड वर करून बोलले, पण नंतर मोरीत जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

तर त्या हॉटेलात जावईबापूंनी (अजून व्हायचे आहेत, पण सवय केलेली बरी) आम्हा दोघी आयांसाठी मालिश आणि सॉना असं ठरवून ठेवलेलं. दोघींना एकाच वेळी. पोरांची अक्कल बघा, ज्या बायका एका सोफ्यावर बसत नाहीत त्यांना एका खोलीत कपडे काढून बसवायचं. पुरुषांना मात्र मिसळ खायला सोडून दिलं, त्यांचे ताण तर्रीनेच जातात.

त्या जागेचं काय वर्णन करू! शिरल्या शिरल्या एक पोरगी अशी हळू आवाजात बोलायला लागली की मला वाटलं आत कुणी आजारी आहे. खिडकीतून धरण दिसत होतं, खरं, भरलेलं. पण पाण्याचा आवाज मात्र भिंतीवरच्या स्पीकरमधून येत होता. प्यायला पाणी दिलं त्यात काकडीच्या चकत्या. कोशिंबीर करायला घेतली आणि मध्येच कुणी हाक मारली म्हणून तशीच टाकून गेलं, तसं. मग एक कागद दिला, त्यावर माणसाचं चित्र, आणि विचारलेलं, ताण नेमका कुठे आहे तिथे गोल करा. मी पेन उचललं आणि समोरच्या खुर्चीकडे बघितलं. मालनबाईही पेन उचलून माझ्याकडेच बघत होत्या. आत गेल्यावर नेसायला जे काही दिलं ते कागदाचं होतं, ताई. कागदाचं! पुढचं लिहीत नाही, हे पत्र दाजीही वाचतील.

मालिश करणारी मीना मात्र आपल्यातली निघाली, पेठकडची. तिने खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "बाई, खांदं लय आखडलंत तुमचं. पोरीचं लगीन काढलंय का?" मी म्हटलं, कसं गं ओळखलंस? तर म्हणते, "त्या दुसऱ्या बाईचं पण असंच हाय. पोराचं लगीन हाय म्हनं." तिची आजी तानुबाई तिकडे पाड्यावर बाळंतिणींची अंगं चोळते, एक नारळ आणि एक खण घेऊन. नातीने तेच शिकून घेतलं, तर इथे त्याला तीन ओळींचं इंग्रजी नाव आणि वर दिवा लावून वास. पण हात सोन्याचा पोरीचा. मी तिथेच पाच मिनिटं झोपले. (तुमचे बंधू म्हणतात तसं मी घोरत नाही. मीनाला विचारलं मी.)

आणि मग ती सॉनाची खोली. कोंबड्यांच्या खुराड्याला जाड दार बसवलं तर होईल एवढी, सगळी लाकडाची, कोपऱ्यात तापलेले दगड. पत्र्याच्या गोदामात भर एप्रिलात पोती उचलताना आमच्या हमालांना हेच मिळतं, वर मजुरीही मिळते. इथे मोठाली माणसं हौसेने येऊन बसतात. मीनाने भिंतीवरचं वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि बजावलं, वाळू खाली गेली का बाहेर यायचं, त्याच्यापुढं जास्ती बसायचं नाय, आणि अंगावर सोनं ठेवू नका, तापतं. मी बांगड्या काढल्या, मंगळसूत्र टॉवेलावर घेतलं. मालनबाईंनी काय काढलं? चपला. विहिणीसमोर मोकळ्या गळ्याने बसतात थोड्याच! पांढरा टॉवेल, त्यावर ठुशी, हातात पाटल्या आणि गोठ. हळदीकुंकवाला निघालेल्या बाईच्या अंगावरची साडी वाऱ्याने उडाली म्हणावं, तर तसं ते ध्यान.

वाळू संपली. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी दाराकडे. आता बघा पंचाईत. वरमाईआधी मी उठायचं नाही, ही रीत. वरमाईला कुणी 'चला' म्हटल्याशिवाय तिने उठायचं नाही, हीही रीत. आणि मी 'चला' म्हणायचं नाही, ही माझी शपथ. मालनबाईंनी शांतपणे हात लांब केला आणि घड्याळ उलटं केलं. अस्सं? म्हटलं, बसा मग. ठुशी तापली तशी त्यांनी एक बोट घालून ती मानेपासून उचलून धरली, उगाच चाळा केल्यासारखी. पाटल्या तापल्या तशा कोपरापर्यंत चढवल्या, मग मनगटावर उतरवल्या, मग एकदाच्या काढून मांडीशेजारी ठेवल्या. त्यांची टिकली घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आली. माझीही आली असणार, कारण त्या माझ्या नाकाकडे टक लावून बघत होत्या. पण सांगणार कोण? सांगायचं म्हणजे बोलणं आलं! पुन्हा वाळू संपली. या वेळी घड्याळ मी उलटं केलं.

तिसऱ्या वेळी मात्र, ताई, माझ्या कानात गिरणी सुरू झाली. मनात आलं, आपण इथे पापडासारख्या भाजून जाऊ आणि पोरीच्या हळदीऐवजी तिला दहाव्याला बसावं लागेल, तेही भातावरून! हसू पण येईना आणि रडू पण येईना, डोळ्यातलं पाणीही घामात गेलेलं. तेवढ्यात मालनबाई, डोळे मिटूनच, म्हणाल्या, "तुमच्या घरात 'चला' म्हणायची पद्धत नाही का हो?" मी म्हटलं, आहे, पण म्हणायचं नाही असं ठरवून आलेय. म्हणाल्या, का? म्हटलं, आमचा भात म्हणजे कणीचा लगदा ना? तशा त्या डोळे उघडून बसल्या. "मी? अहो, मी तीनदा घेतला भात! मलाच कळलं की तुम्ही म्हणालात, दिंडोरीचे लोक द्राक्षं खाऊन जगतात, त्यांना भाताची चव काय कळणार!" मी पोरीची शपथ घेतली, त्यांनी पोराची घेतली. मग कळलं की 'वहिनीला रीत ठाऊक नाही, तिने चला म्हटल्याशिवाय तुम्ही कुठे उठू नका' हेही त्यांना कुणीतरी फोन करून शिकवलं होतं. मी विचारलं, कुणी? त्यांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? आणि त्या टिचभर खोलीत, नाकावर टिकल्या घेऊन, आम्ही दोघींनी एकदमच एक नाव घेतलं.

नाव लिहीत नाही. फार जवळचं माणूस आहे आणि मला त्यांचा आदर आहे.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. त्यांनी माझी टिकली जागेवर लावली, मी त्यांची लावली. उठायचं दोघींच्या अंगात त्राण नव्हतं. तेवढ्यात मीनाने दार उघडलं. "अगं बाई! दोघी आतच? मेल्या का काय? चला, चला, उठा आधी!" ती ना मुलाकडची, ना मुलीकडची, त्यामुळे तिचं 'चला' दोघींना चाललं. दारातून एका वेळी एकच माणूस मावतं, तर आम्ही हातात हात घालून आडव्या बाहेर पडलो, खेकड्यासारख्या. बाहेर ते काकडीचं पाणी चार चार ग्लास प्यायलो, काकडीही खाल्ली. संध्याकाळी बाजारात जाऊन बस्ता एका बैठकीत उरकला, आणि परतताना गाडी तुमच्या गल्लीशी का थांबली नाही ते आता कळलंच असेल. पत्रिकेची नावं मालनबाईंनी जेवतानाच सांगितली, आणि निकिता माझ्या गळ्यात पडली ती सोडेचना. लग्न येत्या अठरा तारखेला, ठरल्याप्रमाणे, आपल्याच अंगणात मांडव घालून आहे.

कळावे, लोभ कमी केलात तरी चालेल पण येणं चुकवू नका. दाजींना नमस्कार.

तुमची भावजय,
उज्वला

ता. क. काल सकाळी दहाला तुमचा मला फोन आला, की बस्त्यातली मानाची साडी मालनबाईंना हलकी वाटली आणि त्यांनी ती कामवालीला द्यायची ठरवली आहे. तेव्हा मालनबाई घोटीलाच होत्या, माझ्या शेजारी बसून त्याच साडीला फॉल लावत होत्या. फोन स्पीकरवर होता. मग दहा वीसला तुम्ही त्यांना फोन केलात. तोही स्पीकरवर होता.

ता. क. दुसरं. अमोलची काळजी करू नका. दिंडोरीकडे एक चांगली मुलगी आहे. मुलीकडच्यांना तुमच्या घराची सगळी माहिती मालनबाई देणार आहेत. फोनवर नाही, समोर बसून, जशी आहे तशी.

ता. क. शेवटचं, आणि पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. त्या हॉटेलवाल्यांनी आम्ही इतका वेळ आत राहिलो या धास्तीने पुन्हा एकदा यायचं कूपन दिलं आहे, तीन बायकांचं. निकिताला तुम्ही एकच आत्या, तेव्हा तिसरी जागा तुमचीच, यात मालनबाईंचं आणि माझं एकमत झालं. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी तयार राहा, या वेळी गाडी थेट तुमच्या दारात थांबेल. सोनं घालायचं तर खुशाल घाला. दगडांसमोरची मधली जागा तुमची, वाळूचं घड्याळ माझ्या हाताशी, आणि रीत तर तुम्हीच आम्हाला शिकवलीत: आम्ही दोघींनी 'चला' म्हटल्याशिवाय उठायचं नाही.