ऐकणाऱ्याचं कलम

वातगिल बेट, ३ मार्च

चि. रोझालिना हिस अनेक आशीर्वाद.

नोना, खोकला सोडला तर मी ठीक आहे. एंबलची, आपल्या कसाव्याच्या पिठाची कडक भाकरी पाठवतोय. कचेरीतल्या मैत्रिणींचे दात शाबूत असतील तर त्यांनाही दे.

बंदराची रेडिओखोली बंद होणार. दूरसंचाराचा नवा कायदा आला, त्याच्या परिशिष्टाने जुने कितीतरी कायदे बदलले. जहाजांच्या कायद्यात होतं, प्रत्येक बंदरात रेडिओ ऐकणारा माणूस असावा. ते शब्दच उडवले! सव्वीस वर्षं मी त्या शब्दांवर जगलो. कोण हा दीडशहाणा, समुद्र तरी पाहिलाय का त्याने? आणि मासेमारीचा कायदा तसाच ठेवला. खडकांपलीकडच्या होड्यांनी सांजेला बंदराला आवाज द्यायचा, ऐकायला मात्र कोणी नाही. तुझी आई गेल्यापासून घरात बोलायला कोण आहे मला?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा पापा, लाउरेन्स

राजधानी, १९ मार्च

ती. पापांना सा. न.

तो दीडशहाणा मीच, पापा. परिशिष्ट माझ्याच टेबलावर झालं. जुन्या कायद्यांत तार, रेडिओ दिसेल तिथे काट मारायची होती. तुमच्या ओळीवर हात थांबला. साहेब म्हणाले, आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, काट. माझा बाप तिथे बसतो, हे सांगायची लाज वाटली. म्हणून तर इतके दिवस पत्र नव्हतं.

होड्यांच्या कलमात रेडिओ हा शब्द नव्हता, नुसतं आवाज देणं होतं, म्हणून ते सुटलं. तुमचं पत्र येताच ते कलम राहिल्याचं मी साहेबांना बोलून बसले. आता मे महिन्यातल्या दुरुस्तीच्या यादीत तेही काढायचंय, यादी मीच करणार. इकडे या ना. मीही एकटीच जेवते.

रागावा, पण लिहीत राहा.
तुमची रोझालिना

वातगिल, ४ एप्रिल

चि. नोनास आशीर्वाद.

रागावलो, खोटं कशाला सांगू? दोन दिवस चूल पेटवली नाही. मग वाटलं, पोरीने निदान लपवलं तरी नाही.

खोलीला कुलूप लागलं. जुनं यंत्र कोणाला नको होतं, बंदरावरच्या साहेबांनी ते मला नेऊ दिलं. आता खिडकीशी बसतो. खडकांपलीकडे मोबाइल लागत नाही गं. काल सगळ्या होड्या बोलल्या, बेनेडिक्टची नाही. दुसरी होडी पाठवली, तर तो इंजिन बंद पडून वाहत चालला होता. आमचे कोळी कायद्याच्या धाकानेच बोलतात, एरवी बॅटरी कोण जाळतो! ते कलम गेलं की सांजेला माझं नाव घेणारं कोणी उरणार नाही.

माझी ओळ काटलीस, ठीक आहे. त्यांची ओळ यादीत लिहायची तेवढी विसर, पोरी.

तुझा पापा