चौलच्या गच्चीवरून अंतराळात दहा मिनिटं

अहो,

'प्रिय' लिहावं की नाही यातच पाच मिनिटं गेली. चाळीस वर्षांत कधी म्हटलं नाही, आता कुठे लिहायला बसू? राहू दे.

तुम्ही तुमच्या हॅम रेडिओवर बोललेल्या प्रत्येक माणसाची नोंद वहीत करायचात. तारीख, वेळ, कोण, आवाज कसा आला. कालची नोंद मी केली, तुमच्याच वहीत, तुमच्या शेवटच्या नोंदीच्या खाली. पण शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद! त्यात काय डोंबल मावणार? म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. शिवाय हे सगळं सांगितल्यावर ज्याला कळेल असं घरात एकच माणूस होतं.

तर ऐका. काल सकाळी आपल्या चौलच्या शाळेतली दहा मुलं अंतराळ स्थानकातल्या बाईंशी बोलली. शाळेच्या गच्चीवरून, तुमच्या रेडिओवरून, थेट. आणि रेडिओ चालवायचा परवाना असलेली व्यक्ती म्हणून माइकपाशी कोण बसलं होतं? मी.

हसू नका.

स्थानकाशी बोलायची ही संधी शाळेला मिळावी म्हणून अर्ज करून करून तुम्ही थकलात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून तोच एक ध्यास. होकार आला तो तुम्ही गेल्यावर दीड महिन्याने. इतकी घाई होती का हो तुम्हाला? मुख्याध्यापिका बाई तो कागद घेऊन घरी आल्या, ओटीवर बसल्या आणि बोलता बोलता रडायला लागल्या. शाळेत परवान्याचा माणूस हजर असायलाच हवा अशी अट होती. तसा माणूस नाही, म्हणून नकार कळवते म्हणाल्या. एकदा संधी गेली की पुन्हा कधी मिळेल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

माझ्या तोंडून निघालं, "नकार कळवू नका. परवाना मी काढते."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता डॉक्टरांना फोन करतात. मलाही कळेना मी असं का म्हटलं. त्या रेडिओचा मी किती राग केला ते तुम्हाला माहीत आहे. वाडीतल्या पोफळीला तुमच्या तारा, माजघरात तुमच्या तारा, धुणं वाळत घालायला मात्र दोरी मिळायची नाही. आणि तुम्ही दार लोटून आत बसायचात. जपानमधल्या कोणाशी हवापाण्याच्या गप्पा, ब्राझीलमधल्या कोणाची तब्येत विचारायची. मी बाहेर शेंगा निवडत बसलेली. सगळ्या जगाशी बोलता आणि घरात मुके, असं मी किती वेळा म्हटलं असेन. तुम्ही नुसते हसायचात. एकदा तरी, "ये, बस शेजारी," म्हणायचं होतं! आणि एकदा तरी न विचारता मी आत येऊन बसायला हवं होतं. दोघांचंही चुकलं, आता वाटून घेऊ.

परीक्षेचा अभ्यास तुमच्या पुण्याच्या मित्राने करून घेतला, रोज संध्याकाळी फोनवर. बिचारा सज्जन आहे. मी पाचव्यांदा तोच प्रश्न विचारला तरी चिडला नाही. तुम्ही पहिल्याच वेळी चिडला असतात. गंमत म्हणजे अर्ध्या गोष्टी मला येतच होत्या. चाळीस वर्षं लोटलेल्या दारातून कानावर पडत होत्या ना! मांडव्याहून बोटीने मुंबईला गेले आणि परीक्षा दिली. तिथल्या एका मुलीने विचारलं, "आजी, कोणाबरोबर आलात?" म्हटलं, "पेन घेऊन आलेय, बाळ." पहिल्या झटक्यात पास झाले. माझ्या नावाचा परवाना आला त्या दिवशी मी तुमच्या फोटोसमोर नाचवला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं. पाहू दे.

आता माझा प्रताप सांगते. सांगितल्यावर ओरडू नका.

स्थानक आपल्या डोक्यावरून जातं ते फक्त दहा मिनिटं. या टोकाला उगवतं, त्या टोकाला मावळतं. तेवढा वेळ अँटेना त्याच्या मागे फिरत राहिली पाहिजे. म्हणून तुमची फिरती अँटेना मोटरीसकट शाळेच्या गच्चीवर नेली. खाऱ्या वाऱ्याने मोटरीची दातेरी चाकं कुरकुरत होती. तुम्ही दर महिन्याला त्यांना ग्रीस लावायचात, पण डबा उघडला तर आत खडखडाट. मी म्हटलं, आपल्याच वाडीतल्या नारळांचं खोबरेल आहे की घरात! चांगलं वाटीभर ओतलं. दुपारी तीनदा चाचणी घेतली. काय फिरत होती अँटेना, लोण्यासारखी. मी स्वतःवरच खूश.

दत्ताची यात्रा झाली आणि थंडी पडली. काल सकाळी तर दात वाजत होते. स्थानक यायला पाऊण तास उरला असताना बटण दाबलं. मोटर घुं घुं करते आणि अँटेना जागची हलत नाही. खाली पटांगणात अख्खं गाव. मुलं इस्त्रीचे गणवेश घालून ओळीत उभी. शाळेचे गुरुजी वायरी उलट्यापालट्या करायला लागले. पुण्याहून फोनवर तुमचा मित्र विचारतो, व्होल्टेज किती, फ्यूज कुठला. तुमचं इतक्या वर्षांचं स्वप्न, मुलांची इतक्या महिन्यांची तयारी, आणि मी गच्चीवर उभी राहून ते मातीत घालतेय, एवढंच दिसत होतं.

मग मी चाकांत बोट घातलं. बोटाला पांढरं काय लागलं असेल? गोठलेलं खोबरेल! थंडीत रोज सकाळी बाटली उन्हात ठेवून मगच केसांना लावते मी. माझ्या डोक्यात हे यायला नको होतं? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, मोटर आहे ती, तुझा अंबाडा नव्हे."

पण मग आजार कळला की औषध आपल्या हातात. शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या भारतीताईंना गच्चीवरून हाक मारली, गरम पाणी चढवायला सांगितलं. मोटरीची वायर काढली. गरम पाण्यात फडकी पिळून चाकांना शेक द्यायला बसलो, अगदी गुडघ्याला देतात तसा. एक फडकं निवलं की दुसरं. गुरुजींना पटेना. भारतीताई त्यांना म्हणाल्या, "गुरुजी, बाजूला व्हा. त्याल पातळ व्हतंय का न्हाय ते बघू द्या." दहा-बारा फडकी झाली. चाकांतून तेल थेंब थेंब गळायला लागलं. पुसून काढलं, वायर जोडली, बटण दाबलं. कुरकुरली, अडली आणि फिरली! वेळ किती उरला होता? सहा मिनिटं.

मग मी माइक हातात घेतला. स्थानकाला हाक मारली, माझ्या परवान्यावरची खूण सांगितली. नुसती खरखर. पुन्हा हाक. खरखर. तिसऱ्यांदा. मुख्याध्यापिका बाईंनी डोळे मिटले होते. मला वाटलं तेल पातळ झालं खरं, पण अँटेना कुठे भलतीकडेच बघत नाही ना? चौथी हाक अर्धी झाली होती आणि त्या खरखरीतून एक बाई बोलली. स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीतून. "मला तुमचा आवाज उत्तम येतोय," म्हणाली. अहो, इतका जल्लोष झाला की तिचं पुढचं वाक्य कोणालाच ऐकू आलं नाही!

मुलांनी एकेक करून विचारलं. इंग्रजी असं खणखणीत की ऐकत राहावं. झोपता कसं? तर म्हणे भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरायचं आणि चेन लावायची. दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो, म्हणून खिडकी झाकून घड्याळावर झोपायचं. पाणी कुठून येतं, असं अयानने विचारलं. घाम, लघवी, सगळं गाळून शुद्ध करून तेच परत प्यायचं, असं उत्तर आलं. पटांगणातून 'ई' असा आवाज उठला. कोळीवाड्यातल्या मयुरीने विचारलं, तिथे मासा तळता येतो का. नाही येत. तिथे पाकिटातलं खायचं. पाव आवडला तरी नेत नाहीत, कारण चुरा उडून यंत्रांत जातो, डोळ्यांत जातो. त्याऐवजी मऊ पोळी. नाक चोंदल्यासारखं होतं, चव लागत नाही, म्हणून सगळे तिखट मागतात. रोज दोन तास व्यायाम केला नाही तर हाडं झिजतात. हे सगळं ऐकताना वाटत होतं, बाप रे, कसला संसार हा!

आपल्या वाडीतल्या सुपाऱ्या काढायला येतो त्या पांडुरंगची मुलगी दर्शना शेवटून दुसरी होती. तिने विचारलं, यानाबाहेर काम करताना पडायची भीती वाटते का? वरून बाई म्हणाल्या, यान आणि मी एकाच वेगाने पृथ्वीभोवती फिरत असतो, त्यामुळे पडल्यासारखं वाटत नाही. भीती असते ती सुटून लांब जायची. म्हणून दोरीचा एक आकडा यानाला अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. हत्यारसुद्धा दोरीने बांधलेलं. एकच प्रश्न विचारून थांबायचं असं ठरलं होतं, पण दर्शना पुढे बोललीच. माझे बाबा एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी पकडतात, खाली उतरतच नाहीत, म्हणाली. वरून हसण्याचा आवाज आला. "तुझ्या बाबांना सांग, ते इथे फार छान काम करतील." पांडुरंग फाटकापाशी उभा होता. कोणीतरी त्याला मराठीत सांगितलं. गडी लाजून पाठमोरा झाला.

शेवटच्या मुलाने विचारलं, घरची आठवण येते का. येते म्हणाल्या. पण फोन लागला की काय बोलावं सुचत नाही. कामाचं तासभर सांगता येतं, घरच्यांना मात्र एवढंच विचारते, आज काय केलंय जेवायला. अहो, मी माइक तसाच धरून बसले. तुम्ही रेडिओच्या खोलीतून बाहेर आलात की रोज हेच विचारायचात, "आज काय केलंयस?" आणि मी रोज म्हणायचे, "शिजवलंय तेच." मला वाटायचं तुम्हाला फक्त भूक लागलीये.

दीड मिनिट उरलं होतं. वरच्या बाईंनीच मला विचारलं, इतकं चांगलं रेडिओ स्टेशन कोणी उभं केलं? तुम्हाला शिकवलं कोणी?

मुख्याध्यापिका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना माहीत आहे मी नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर नाही. बँकेत, दवाखान्यात, तुमच्या मृत्यूच्या दाखल्याच्या वेळीसुद्धा शेजारच्यांनी सांगितलं, मी मान हलवली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने सांगितलं होतं. चाळीस वर्षं पाळलं. तरी तुम्ही गेलातच.

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "मोरेश्वर. माझे मिस्टर. आता नाहीत."

वरच्या बाईंना नीट कळलं नाही. तुमच्या रेडिओच्या रिवाजाप्रमाणे एकेका अक्षराला एकेक शब्द लावून सांगितलं. माइक, ऑस्कर, रोमिओ, इको, सिएरा, हॉटेल, व्हिस्की, अल्फा, रोमिओ. जन्मात दारूला शिवला नाहीत आणि नावात व्हिस्की! सांगताना माझा आवाज जराही हलला नाही. मग त्या बाईंनी एकेक अक्षर जोडत म्हटलं, "मोरेश्वर. धन्यवाद, मोरेश्वर." अख्ख्या चौलने ऐकलं. मग हळूहळू खरखर वाढली आणि आवाज गेला.

टाळ्या किती वेळ चालल्या मला माहीत नाही. मी रडत होते आणि हसतही होते, आणि भारतीताई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

आता शब्द देते. ग्रीसचा नवा डबा आणलाय. दर रविवारी सकाळी शाळेत ज्यांना शिकायचंय त्यांना घेऊन बसणार आहे, दर्शना पहिली. पुढच्या पायरीची परीक्षाही देणार. घरातल्या त्या खोलीचं दार आता लोटायचं नाही, सताड उघडं राहील. आणि रेडिओवर कोणीही विचारलं, जपान असो की ब्राझील, की तुला हे कोणी शिकवलं, तर मी तुमचं नाव घेईन. मोठ्याने, पूर्ण, हवं तितक्या वेळा.

मोरेश्वर, ऐकू येतंय ना?

तुमची,
सुलभा