चिमीसाठी लावलेलं अंगण

२१ जुलै १९९१, मु. बेला
बाबांनी बांधावरून रुईचं रोप आणून दिलं. माय चिडली, "रुई कोणी अंगणात लावते काय?" मी लावलीच, गोडलिंबाच्या बाजूला. माझ्या चिमीला फुलपाखरं फार आवडतात, आणि ती रुईवर अंडी घालतात. हे गेल्यावर सासऱ्यांनी मला माहेरी पाठवलं, पोरगी सासरी, नेरडीगोंड्याला ठेवून घेतली. "आमच्या पोराची तेवढीच निशाणी हाये." कधी आली तर तिला अंगणात काहीतरी…

१८ ऑगस्ट
गोडलिंबावर अळ्या! लहान असताना पाखराच्या विष्ठेसारख्या, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. माय राख टाकायला निघाली. हात धरला. "पोटची पोर तिकडं, आन् तू अळ्या पोसून राह्यली!" बोलली, मग चुलीपाशी बसून रडली. मी पण.

५ सप्टें.
रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या. झेंडूला कळ्या. दादा नेरडीगोंड्याला जाऊन आला. चिमीला तिकडच्या तेलुगू शाळेत घातलंय. पाठवायचं विचारलं तर सासरे म्हणाले, पाहू.

२२ सप्टें.
काल शेजारच्या वावरात शंकरकाकांनी कापसाच्या पऱ्हाटीवर फवारा मारला. वारा आमच्या अंगणाकडे. सकाळी अळ्या काळ्या पडून लोंबत होत्या. बोलायला गेले. "पऱ्हाटी वाचवू का तुही पाखरं, बाई?" संध्याकाळी स्वतःच कुंपणापाशी आले. "पुढं वारा पाहून मारीन. चिमी कवा येते?"


१९ ऑक्टो.
आली! दीर दसऱ्याचं सोनं द्यायला आले, तिला घेऊन. उंच झाली. दिरांचा अंगठा सोडेना. जावेला आई म्हणते म्हणे. झेंडूवर केशरी फुलपाखरू बसलं तशी धावली, माझा पदर ओढला, "सीताकोक चिलुका!" मला समजलंच नाही. "काय म्हणून राह्यली, बाई?" तिनं पदर सोडला. परत दिरांकडे. चहा झाला, गेले. मांडीवर बसलीसुद्धा नाही.

२० ऑक्टो.
दादा म्हणाला, तेलुगूत फुलपाखरालाच तसं म्हणतात.
मलाच दाखवत होती.

१० नोव्हें.
दिवाळीला पाठवली नाही. निरोपही नाही. बाबा म्हणतात पंच बसवू. नको म्हटलं, चारचौघांत ओढाताण झाली तर पोर भिईल. मीच जाते. दारातून परत पाठवलं तर पाठवलं. दादाकडून तेलुगू शिकून राह्यले. ‘ये’ म्हणता येतं. ‘मी तुझी आई’ अजून नीट जमत नाही.