डाव्या मडगार्डच्या आत

प्रिय टिकटिक,

हे नाव वाचून तू आधी हसशील. मग चष्मा कपाळावर चढवून पत्र लांब धरशील आणि म्हणशील, दर वर्षी कार्डावर दोन ओळी खरडणारी ही बया आज पानंच्या पानं लिहीत बसली आहे, म्हणजे नक्की काहीतरी आहे. आहे. घड्याळजीची मुलगी म्हणून तू टिकटिक आणि गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्याची मुलगी म्हणून मी ठोकठोक, अशी आख्ख्या वर्गाने आपली नावं ठेवली, तेव्हापासून आजपर्यंत मी तुझ्यापासून एकच गोष्ट लपवली. ती काकांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, सायकलची आहे. ती कळल्यावर तू माझं तोंड तरी पाहशील की नाही, ठाऊक नाही. म्हणून जरा आडवळणाने येते आहे, रागावू नकोस.

सध्या मी एका लिलाव कंपनीसाठी गाड्यांचे फोटो काढते. साध्यासुध्या गाड्या नव्हेत. साठ-सत्तर वर्षांच्या, नटूनथटून आलेल्या म्हाताऱ्या, आणि काही तर अशा चमत्कारिक की दार वर उघडतं की बाजूला हे कळायलाच पाच मिनिटं जातात. गावाबाहेर एक लांबच लांब गोदाम आहे. खिडक्यांना काळे पडदे लावलेत. एकेक गाडी ढकलत आणतात, मधोमध उभी करतात, आणि मग मी आणि ती. एकीचे ऐंशी फोटो, समोरून, तिरपे, मागून, सीटची शिवण, इंजिनवरचा नंबर, आणि शेवटी जमिनीवर उताणं पडून तिचं पोट. चकचकीत गाडीचा फोटो म्हणजे आरशाचा फोटो गं. दिवा, तिपाई, फोटो काढणारी, सगळं तिच्या अंगात दिसतं. म्हणून मी नखशिखान्त काळे कपडे घालते आणि काळ्या कापडाआड उभी राहते. स्वतःला चित्रातून पुसण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं सगळे म्हणतात. गुडघे मात्र बोलायला लागलेत. गाडीखालून उठताना 'अगं आई गं' केल्याशिवाय उठता येत नाही.

त्या गोदामाचा पहारेकरी सायकलवरून फेऱ्या मारतो. पहिल्या दिवशी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी एका काळ्या गाडीच्या दारावर डोळा लावून उभी होते आणि दाराच्या आत, अगदी लहानसा, एक सायकलवाला माझ्या मागून येताना दिसला. कॅमेरा हातातून सुटायचाच बाकी होता. मागे वळून पाहिलं तर बिचारा पहारेकरी, डब्यात आज काय आणलंय विचारत होता. मी हसले आणि डबा उघडून दाखवला. खरं सांगू? चौतीस वर्षं मी चकाकणाऱ्या पत्र्यांत बघते आहे आणि चौतीस वर्षं तो सायकलवाला मला त्यांत दिसतो आहे. कधी जवळ येत नाही आणि कधी लांबही जात नाही.

मागच्या मंगळवारी सतरा नंबरची गाडी आली. दुधावरच्या सायीच्या रंगाची, दोन दारांची, लांब नाकाची. झाकण काढल्याबरोबर मी ओळखली. तूही ओळखली असतीस. वकीलसाहेबांची गाडी, जिच्यामागे आपण शाळा सुटल्यावर धावायचो. वकीलसाहेब गेल्या वर्षी गेले आणि सुनेने गाडी विकायला काढली. लिलावाच्या यादीत तिच्यापुढे लिहिलं होतं, 'एकाच घरातली, मूळ रंग, एकही अपघात नाही.' ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

आता जरा मागे चल. आपण नववीत होतो आणि काकांची सायकल गंजून लाल झाली होती. बाबांच्या गॅरेजमध्ये उरलेल्या रंगांचे डबे होते. बसचा निळा, कुठल्याशा ट्रकचा हिरवा, तळाशी राहिलेला पांढरा. आपण दोघींनी बाबा जेवायला गेल्यावर ते सगळे एकत्र कालवले आणि सायकल रंगवून काढली. मोरपिशी म्हणावा तर मळका, आकाशी म्हणावा तर हिरवट. परत आल्यावर बाबांनी डोक्याला हात लावला. 'हा रंग विकत मागायला गेलात तर दुकानदार हाकलून देईल,' म्हणाले. काका मात्र खूश. म्हणाले, साऱ्या जगात असा रंग दुसरीकडे मिळायचा नाही, आता माझी सायकल कुणी चोरूच शकणार नाही. काकांचं हे म्हणणं अगदी खरं होतं. दुसरीकडे कुठेही तो रंग नव्हता.

आणि बाबांची ती सवय आठवते? पत्रा ठोकून, खड्डे लांबीने बुजवून, रंग देऊन झाला की आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे ओल्या रंगात अंगठा उमटवायचा. शाळा शिकलो नाही म्हणून काय झालं, कामावर सही तर पाहिजे, असं म्हणायचे. माझं काम फोटोंचं. आलेल्या गाडीचा एक आणि बरी होऊन जाणाऱ्या गाडीचा एक. दोन्ही जोडीने भिंतीवर. मी फोटोग्राफर झाले ती त्या भिंतीमुळे.

वकीलसाहेबांची गाडी सकाळी आठला आली. मी सतरा वर्षांची होते. डावीकडचा हेडलाइट फुटलेला, डावं मडगार्ड आत दबलेलं. कुठलंसं जनावर आडवं आलं, असं वकीलसाहेब म्हणाले आणि पायी निघून गेले. मी नेहमीसारखा फोटो काढला. काढताना चेपलेल्या पत्र्यावर मला एक ओरखडा दिसला, वीतभर लांब. तो मोरपिशी म्हणावा तर मळका होता. मी बाबांकडे पाहिलं. बाबा तिकडेच बघत होते. मग त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, 'हिचा फोटो नको.' काढलाय म्हटल्यावर हात पुढे केला. मी कॅमेऱ्यातून काढल्यासारखं करून खिशातला कोरा रोल त्यांच्या हातावर ठेवला. आयुष्यात बाबांशी केलेली ती एकच लबाडी. गॅरेजची जागा वकीलसाहेबांची होती हे तुला माहीत आहे. ते मी बाबांची बाजू म्हणून सांगत नाही, घडलं तसं सांगते आहे.

अकराच्या सुमाराला कुणीतरी सांगत आलं की घड्याळजी आदल्या दिवशी दिवेलागणीला वळणावरच्या नाल्यात पडले आणि गेले. मी तशीच तुझ्याकडे धावले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. सायकलच्या मागच्या पत्र्याच्या पेटीत बाटली फुटली होती आणि सगळ्याला वास येत होता. पोलिसांनी बाटली पाहिली, नाकाला रुमाल लावला आणि प्यायल्यामुळे तोल गेला असं लिहून मोकळे झाले. काकांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती. तीन महिने झाले होते. तू रडत नव्हतीस. तू माझ्याकडे बघून एवढंच म्हणालीस, 'शेवटी शब्द मोडलाच ना गं यांनी.' मी तुझ्या शेजारी बसले आणि तुझा हात हातात घेतला. माझ्या स्कर्टच्या खिशात तो रोल होता.

रोल मी नंतर धुतला. फिल्म काळी-पांढरी. ओरखडा त्यात नुसता करडा दिसतो, कुठल्याही ओरखड्यासारखा. त्या करड्या रंगाने मला किती वर्षं तारलं म्हणून सांगू! करडा म्हणजे काहीही असेल, असं मी स्वतःला सांगायची. माझ्या डोळ्यांनी मी काय पाहिलं होतं ते मला पक्कं माहीत होतं. पण बाबा रोज माझ्यासमोर जेवायला बसायचे, भाकरीचा पहिला तुकडा मला द्यायचे. मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

तुम्ही मामांकडे जायला निघालात तेव्हा सामान चढवायला फक्त माझे बाबा आले होते. मोडकी सायकल त्यांनी मागून घेतली, भंगारात देतो म्हणाले, आणि काकूंनी त्यांचे आभार मानले. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा तू पत्र पाठवलंस. त्यात लिहिलं होतंस की असा सरळ माणूस तू दुसरा पाहिला नाहीस. ते पत्र मी कपाटात सगळ्यात खाली ठेवलं आहे. कारण त्याच आठवड्यात गॅरेजचा माळा रिकामा करताना मला सायकल सापडली. चादरीत गुंडाळून, दोरीने बांधून ठेवलेली. बाबांनी ती भंगारात दिलीच नव्हती. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. दोन वर्षं मी ती तशीच झाकून ठेवली. बापाची लेक शोभते, दुसरं काय.

तर मंगळवार. मी दिवा जमिनीलगत ठेवला आणि उजेड तिरपा सोडला. समोरून लखलखणाऱ्या पत्र्याच्या सगळ्या खोड्या तिरप्या उजेडात कळतात, हेही बाबांनीच शिकवलेलं. डाव्या मडगार्डवर पाण्यावर यावी तशी बारीक लहर उठली. म्हणजे बाबांचा हात. मग मी उताणी झाले, डोकं चाकाजवळ नेलं आणि मडगार्डची आत वळलेली कड पुसली. तिथे अंगठा होता. त्याच्या शेजारी बोटभर जागेत तो रंग होता, आपला, आपण कालवलेला. बाकी सगळं बाबांनी घासून काढलं होतं. एवढीच जागा सोडली होती, आणि तिच्यावर पारदर्शक वार्निश मारलं होतं, टिकावा म्हणून. नजरचुकीने राहिला असता तर वार्निश कशाला मारलं असतं? बाबांनी साक्ष दिली होती गं, अंगठा लावून दिली होती, पण अशा जागी दिली की जिथे कुणी वाकून बघणार नाही. गाडीखाली पडल्या पडल्या मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की पहारेकरी सायकल टाकून धावत आला.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या सायकलचं मागचं मडगार्ड घेऊन गेले. ते मी त्या कडेला टेकवलं आणि रंगात फरक पडू नये म्हणून आम्ही वापरतो ती रंगांची पट्टी शेजारी धरून फोटो काढला. या वेळी रंगीत. तसूभरही फरक नाही. आमच्या कंपनीच्या मॅडमना दाखवला तर त्या म्हणाल्या, 'अगं, एवढासा डाग, कॉम्प्युटरवर पुसून टाक की, दोन मिनिटांचं काम.' खरंच दोन मिनिटांचं होतं. मी पुसला नाही. या गाडीला अपघात झालेला आहे आणि त्यात माणूस गेला आहे, असं मी सहीनिशी लिहून दिलं. गाडी लिलावातून बाजूला काढली आहे. पुढे माझं इथलं काम राहील की जाईल, बघू. तू म्हणशील तर तुझ्याबरोबर पोलिसांकडे येईन आणि बाबांचं नाव माझ्या तोंडाने सांगेन. तू म्हणालीस येऊ नकोस, तर तेही ऐकेन.

गेल्या महिन्यात तू लिहिलं होतंस की मुलगा आजोबांविषयी विचारत होता आणि तू त्याला सांगितलंस, शब्द न पाळणारा माणूस होता, त्यांचा फोटो कशाला लावायचा. त्या एका ओळीसाठी हे सगळं पत्र. सोबत दोन फोटो आहेत. पहिला दोन मडगार्डांवरच्या एकाच रंगाचा, तो तू ओळखशील. दुसरा सायकलच्या पेटीत राहिलेल्या काचांचा, त्या मी परवा मडगार्ड काढताना पहिल्यांदा पाहिल्या. बाटली सापडली, एवढंच सगळ्यांनी सांगितलं होतं. तिच्यावरची चिठ्ठी कुणी वाचली नव्हती. ती अजून वाचता येते. औषधवाल्याचं अक्षर आहे, तारीख त्याच दिवसाची, खाली काकांचं नाव, आणि लिहिलंय, 'स्पिरिट, घड्याळं धुण्यासाठी. पिऊ नये.' सील असलेलं बूच तसंच्या तसं आहे, मानेला घट्ट. काका त्या दिवशी प्यायले नव्हते, टिकटिक. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द पाळला होता, आणि त्यांना गाडीने पाडलं हे मी तुला चौतीस वर्षं आधी सांगू शकले असते. मला माफ करू नकोस. त्यांचा फोटो मात्र आज भिंतीवर लाव.

तुझीच,
ठोकठोक