विलायतेत हरून आलेला शिवराम

जव्हार, माघ वद्य तृतीया, संध्याकाळ

विलायतेत कुस्ती हरून आलेला खोडाळ्याचा शिवराम आज आमच्या तालमीत आला. हरलास कसा, असं वस्तादांनी सरळच विचारलं.

तो म्हणाला, "वस्ताद, आपण मातीत पाय रोवून दमवतो. तिथं गादी असते, पाय रुतत नाही. गोरा वाट बघत नाही, एकदम पायांत शिरतो."

मग जाड घोंगड्या अंथरून त्यानं मला समोर उभं केलं. मी पकड शोधतोय तोवर माझी पाठ टेकलेली. पुन्हा तेच. पाय रुतलाच नाही. मातीत मी त्याला इतका सोपा गेलो असतो का? कोण जाणे. पण स्वतःची हार इतकी नीट शिकून आलेला माणूस मी पाहिला नव्हता.

साठीचे वस्ताद उठून घोंगड्यांवर आले. लंगोट कसत म्हणाले, "शिवराम, आता मला दाखव."