गव्हाणीतल्या भाकरी

शिवकन्या,

तू झोपलेली म्हणून आज गाईला चारा टाकायला मी गेले. गव्हाणीत तुझं फडकं अन् त्यात तीन दिवसांच्या भाकरी! म्हणजे काल हळद शिजवताना तुला चक्कर आली ती उपाशीपोटी.

फोनमधला तो जेवणाचा तक्ता खुर्चीत बसणाऱ्या बाईचा आहे गं. वजन उतरव, पण कामाला झेपेल असं खाऊन. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडताना माझ्या शेजारची बाई अशीच पडली, ती उठली नाही.

माझा बालाजी, तुझा नवरा, तुला पोतं म्हणाला, ते मी ऐकलं अन् गप्प बसले. सून शेवटी जेवते, म्हणून तुझं ताटही कुणी पाहिलं नाही.

आज हळदीवर मी जाते. वरण-भाकरी झाकून ठेवली आहे. आधी तू जेव. बालाजी आज हातानं वाढून घेईल.

— आई