माझ्यावाचून विद्यापीठ

ती. मावशीस,

सादर नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देत असतील, असं धरून चालतो.

मी सध्या घरी आहे. आजारी नाही, काढून टाकलेलंही नाही (तुझी सून, म्हणजे आमची ही, शेजारणीला यातलं दुसरं हळू आवाजात सांगते), सक्तीच्या रजेवर आहे. आमच्या नव्या कुलगुरू मॅडमचं म्हणणं असं, की खासगी विद्यापीठाच्या पाठीशी कुणी नसतं. विद्यार्थी घटतात, अभ्यासक्रम शिळे होतात. अशात एका माणसाला सर्दी झाली म्हणून जिथे परीक्षा पुढे जाते, ती संस्था टिकणार कशी? ती सर्दी माझी होती. (मला तिचा मनातून अभिमान होता.) म्हणून प्रत्येक विभागप्रमुखाने महिनाभर घरी बसायचं, आणि त्याच्यावाचून काय अडतं ते इतरांनी पाहायचं. पहिली रजा मॅडमनी स्वतः घेतली. परत आल्यावर काहीच अडलं नव्हतं, तर खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला. दुसरा कुणी तोंड पाडून बसला असता.

मी बसलो! परीक्षांचं वेळापत्रक माझ्या डोक्यात असतं, दुसरीकडे कुठेही नाही (याची मी फार काळजी घेतली होती). सहज फिरत फाटकापाशी गेलो, तर वॉचमन म्हणाला, "सर, तुम्हाला आत सोडलं तर मलाच रजा मिळेल." मग तुझ्या सुनेच्या फोनवरून, आवाज बदलून, एका विद्यार्थ्याचा बाप झालो आणि मुद्दाम वाकड्यात शिरलो. माझ्या सहायक बाईंनी (ज्यांना मी आजवर फक्त शिक्के मारू दिले) इतकं शांतपणे समजावलं, की नसलेल्या मुलाची काळजी मिटली. शेवटी म्हणाल्या, "सर, आता जेवून घ्या." वेळापत्रकही लागलं, एकही पेपर दुसऱ्यावर आदळला नाही. माझ्या वेळी दोन-तीन आदळायचेच. पण खरं सांगतो मावशी, मॅडमपुढे हात जोडावेसे वाटले. इतकी वर्षं मी विभागाला कडेवर घेऊन हिंडलो, त्यांनी त्याला खाली उतरवून चालायला लावलं. आता माझं तिथे काय काम, एवढाच प्रश्न आहे.

तुझा भाचा

ता. क. मुख्याध्यापिका असताना तुझ्या एका हाकेला अख्खी शाळा उभी राहायची. तर आमच्या परीक्षा विभागात फोन करून जरा खडसाव, की त्या सरांवाचून काम अडलंय, त्यांना आधी बोलवा. काय अडलंय ते तूच ठरव.

ता. क. २ पाकीट चिकटवताना तुझ्या सुनेच्या फोनवर मॅडमच आल्या. म्हणाल्या, तुमच्यावाचून अडत नाही, म्हणजे तुम्ही मोकळे झालात. नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग काढतोय, ते तुम्हीच उभे करा. मी चक्क रडलो. तेव्हा फोन अजिबात करू नकोस. आणि केलासच, तर माझ्या लहानपणापासून सांगत आलीस तसं ठणकावून सांग, की या माणसावाचून कुणाचं काहीही अडत नाही.